पिल्लू नंतर, आधी त्याची आई पाहा: मराठवाड्यात जातिवंत पिल्लू घेणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, गाव कुठलंही असो. "लॅबचं पिल्लू घ्यायचंय" एवढं बोलायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा फोटो येऊन पडतात. गुबगुबीत पिल्लू, मागं फुलाफुलांची चादर, खाली मजकूर: हेवी बोन, शो क्वालिटी, ४५ दिवस, टोकन टाका, ट्रॅव्हल्सनं पाठवतो. घरातली पोरं फोटो पाहूनच नाव ठरवून मोकळी होतात. मग कुणाला काही विचारायची इच्छा उरत नाही आणि विचारायलाच हवे होते ते सगळे प्रश्न राहून जातात.

पहिल्यांदाच जातिवंत पिल्लू घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझं सांगणं एकच आहे. पिल्लू सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा माणूस, निवडायचा, आणि ब्रीडर ओळखायचा तो त्याच्याकडच्या मादीवरून. पिल्लाची आई कुठं राहते, कशी दिसते, माणसांशी कशी वागते हे ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची फसगत सहसा होत नाही. खालच्या बाकीच्या पायऱ्या या एका भेटीच्या आधीच्या किंवा नंतरच्या आहेत.

जात ठरवताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, त्यात भारनियमन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते स्वतःला थंड करतं. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड या बर्फाळ मुलखातल्या जाती, अंगावर दाट दुहेरी केस घेऊन जन्मलेल्या. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींचा श्वासमार्ग मुळातच अरुंद, त्यामुळं त्यांना धापही धड टाकता येत नाही. बीड किंवा जालन्यात हस्की विकणारा माणूस जर तुम्हाला "घरात एसी आहे का, लाइट गेल्यावर काय सोय आहे?" असं विचारत नसेल, तर माझ्या लेखी तो तिथंच बाद.

दुसरं, प्रत्येक जातीची काही घराण्यातली दुखणी असतात. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर आणि रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल, वेडावाकडा घडण्याचा दोष आढळतो. हिप डिस्प्लेसिया म्हणतात तो. लॅबमध्ये कोपराचा सांधाही बिघडतो आणि डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजारही असतो. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा, डॅशहाउंडमध्ये मणक्याच्या गादीचा त्रास. तुम्हाला हवी असलेली जात कोणत्या दोषासाठी ओळखली जाते हे डॉक्टरांना विचारून आधीच लिहून ठेवा. पुढं ब्रीडरला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात.

आणि "पॉमेरेनियन" म्हणून आपल्याकडं जे पांढरं, झुपकेदार कुत्रं घरोघरी दिसतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. कुत्रं गुणी आहे, आपल्या हवेत रुळलेलंही आहे. पण पैसे पॉमेरेनियनचे मोजायचं कारण नाही.

ब्रीडर शोधायचा कुठं

सुरुवात पशुवैद्यकापासून करा. ज्याच्या मादीची गाभण असतानाची तपासणी, सोनोग्राफी, बाळंतपण, पिल्लांची लस हे सगळं एका डॉक्टरांकडं होतं, त्या ब्रीडरची खरी ओळख डॉक्टरांनाच असते. मराठवाड्याची जमेची बाजू म्हणजे परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून दवाखानेही. तिथं जाऊन "कुणाकडून घेऊ?" असं थेट विचारू नका, डॉक्टर संकोचतात. "या जातीच्या माद्या तपासायला नियमित कोण आणतं?" असं विचारा. उत्तर मिळतं.

दुसरी जागा म्हणजे डॉग शो. तिथं विकत घ्यायला जायचं नसतं, बघायला जायचं. रिंगमधून बाहेर आल्यावर मालक कुत्र्याला आधी पाणी पाजतो की आधी फोटो काढतो, हे सुद्धा बघण्यासारखं असतं. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे-गाढवांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. देशी शिकारी जातीचं कुत्रं हवं असणाऱ्यानं मार्गशीर्षातली ती यात्रा एकदा तरी करावी. बांधे कसे असतात, चाल कशी असते हे डोळ्यांत बसतं, आणि कुत्री राखणाऱ्या घरांची नावं तिथंच कानावर पडतात.

पेट शॉपच्या पिंजऱ्यातलं पिल्लू घेऊ नका. त्याची आई तुम्हाला कधीच दाखवता येणार नाही, कारण दुकानदारानंही ती पाहिलेली नसते. तसंच ज्याच्याकडं लॅब, पग, हस्की, शिह त्झू, रॉटवायलर अशी सात-आठ जातींची पिल्लं बाराही महिने "रेडी" असतात तो ब्रीडर नाही, तो दलाल आहे. मन लावून काम करणारा माणूस एका, फार तर दोन जातींवर काम करतो. त्याच्याकडं पिल्लं नसण्याचेच महिने जास्त. "पुढचं वेत दिवाळीनंतर, तोवर थांबता का?" असं म्हणणारा भेटला तर ते चांगलं लक्षण समजा आणि थांबा.

फोनवर काय विचारायचं

निम्मी चाळणी फोनवरच लागते. पहिला प्रश्न हा:

"दादा, पिल्लांची आई तुमच्याकडंच आहे का? तिच्याजवळ पिल्लं असताना येऊन बघता येईल का?"

यावर "आई गावाकडच्या शेतात असते", "मादी आत्ताच मित्राकडं पाठवली", "तुम्ही कशाला त्रास घेता, मीच बसस्टँडवर घेऊन येतो", यातलं काहीही ऐकू आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. दुसरी संधी द्यायची गरज नाही.

आई तिथंच आहे म्हटल्यावर पुढचं विचारा. तिचं वय काय, हे कितवं वेत, मागचं वेत कधी झालं? नर कुणाचा, त्याचा मालक कोण? नर दुसऱ्या गावचा असणं चुकीचं नाही. उलट विचार करून बाहेरचा नर निवडणारे ब्रीडर जास्त अभ्यासू असतात. मात्र त्याचं नाव, कागद, फोटो द्यायला टाळाटाळ नको. नर-मादीची खुब्याची एक्स-रे तपासणी झालीय का? या सांध्याचा पक्का निकाल कुत्रं साधारण दोन वर्षांचं झाल्यावरच देता येतो, त्यामुळं दीड वर्षाच्या मादीचा "हिप एकदम ओके" असं कुणी सांगितलं तर कशाच्या आधारावर, ते विचारा. खरं सांगायचं तर आपल्या भागात अशा तपासण्या करून घेणारे ब्रीडर थोडे आहेत. "एक्स-रे केला नाही, पण मादीची आई अकरा वर्षांची आहे आणि अजून जिना चढते, येऊन बघा" असं प्रामाणिक उत्तर मला "सगळं सर्टिफाइड आहे" या मोघम उत्तरापेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं. "हे कसलं विचारताय, आमची लाइन एक नंबर आहे" असं तोडून बोलणाऱ्याकडं मात्र जाऊ नका.

आता उलटी बाजू. ब्रीडर तुम्हाला काय विचारतो? घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, लहान मुलं आहेत का, आधी कुत्रं पाळलंय का, पाळलं असेल तर त्याचं काय झालं, बाहेरगावी गेलात तर कुठं ठेवाल? काही लोकांना या चौकशीचा राग येतो. पैसे आपण देतोय आणि झडती आपलीच, असं वाटतं. पण ज्यानं रात्र-रात्र जागून पिल्लं वाढवली तो त्यांना कुणाच्याही हाती कशी देईल? एकही प्रश्न न विचारता "फोनपे करा, बुकिंग करतो" म्हणणाऱ्याला पिल्लाचं पुढं काय होणार याच्याशी देणंघेणं नाही, आणि उद्या पिल्लू आजारी पडलं तर तुमच्याशीही नसेल.

प्रत्यक्ष भेट

जाताना सकाळची वेळ घ्या आणि रिकाम्या हातानं जा. पैसे, टोपली, पट्टा काही नेऊ नका. सोबत काही नसलं की "आलोच आहोत तर घेऊन जाऊ" हा मोह होत नाही. मुलांनाही पहिल्या भेटीला घरीच ठेवा.

पिल्लं बाहेर आणून दाखवतो म्हणाला तर "तिथंच बघतो" म्हणा. जागा बघायचीय. ती महागडी असायची गरज नाही. पत्र्याची शेड, ओसरी, स्वयंपाकघराचा कोपरा, काहीही चालतं. सावली आहे का, वारा खेळतो का, पाण्याचं भांडं भरलेलं आणि स्वच्छ आहे का, बसायची जागा आणि शी-शूची जागा वेगळी आहे का? वास घ्या. फिनेलचा भपकारा येत असेल तर तुम्ही येणार म्हणून तासाभरापूर्वी धुतलेलं असतं. रोज झाडून काढणाऱ्या घरात कुत्र्यांचा साधा, सौम्य वास असतो.

मग आई. पिल्लांना पाजणारी मादी थोडी ओढलेली दिसणार, आचळं लोंबलेली असणार, केसही गळालेले असतात. त्यानं घाबरू नका. खाली वाका आणि तिचे पाय बघा. नखं वाढून वळलेली असतील तर तिला फिरायला नेलं जात नाही. कोपरांवर काळे, जाड घट्टे असतील तर तिचा जन्म नुसत्या फरशीवर किंवा सिमेंटवर चाललाय. मानेवर साखळीनं केस घासून गेलेला पट्टा दिसतोय का? कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडी आहेत का? आपल्या भागात गोचीडतापानं दरवर्षी किती कुत्री जातात हे कुठल्याही डॉक्टरांना विचारा. ज्याच्या मादीच्या अंगावर गोचिडी आहेत त्याच्या पिल्लांच्या रक्तात काय चाललंय याची खात्री नसते.

आणि तिचं वागणं. अनोळखी माणूस पिल्लांजवळ गेल्यावर ती सावध होईल, गुरगुरेलही. आई आहे ती. पण मालकानं हाक मारली, हात फिरवला की निवळते का? मालक जवळ गेल्यावर अंग चोरते, शेपूट पोटाखाली घेते, कोपऱ्यात सरकते, असं असेल तर सगळं उत्तर तिथंच मिळालं. भित्र्या किंवा चिडक्या आईचा स्वभाव पिल्लांत रक्तातून उतरतो आणि रोजच्या बघण्यातूनही.

उदगीरकडच्या एका घरी पाहिलेली एक गोष्ट सांगते. सहा पिल्लं, दिसायला सारखीच, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा सैल धागा. भिंतीला खिळा, खिळ्याला शाळेची दोनशे पानी वही टांगलेली. वहीत रोजचं वजन, ग्रॅममध्ये, किराणा तोलायच्या काट्यावर केलेलं: लाल, हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा. पिवळ्याचं वजन दोन दिवस वाढलं नव्हतं, तिथं गोल केलेला आणि पुढं लिहिलेलं, "वरचं दूध सुरू, डॉक्टरला फोन". ना बोर्ड, ना इन्स्टाग्राम पेज. मी ज्याला जबाबदार ब्रीडर म्हणते तो असा असतो. तुम्हाला नेमकी अशीच वही दिसेल असं नाही, पण "या पिल्लाचं मागच्या आठवड्यात वजन किती होतं?" एवढा प्रश्न विचारून बघा.

पिल्लं बघताना घाई नको. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा कोरडी. अंग सडपातळ आणि पोट तेवढं ढोलासारखं फुगलेलं असेल तर बहुतेक जंत. बेंबीपाशी मऊ गाठ लागली तर हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवायचा. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेत का हेही डॉक्टरांकडून पाहून घ्या. जरा दूर किल्ल्या पाडा: दचकून मग वास घ्यायला येणारं पिल्लू उत्तम. कोपऱ्यात एकटं थरथरणारं पिल्लू पाहून जीव तुटतो, मान्य आहे. पण "बिचारं आहे, घेऊन जाऊ" म्हणून घेतलेल्या प्रत्येक पिल्लाची रक्कम त्याच माणसाच्या पुढच्या वेताचं भांडवल होते. अशा वेळी न घेता परत यायचं आणि प्राणी कल्याण मंडळाकडं किंवा प्राणिमित्र संस्थेकडं तक्रार करायची.

४५ दिवस हा नियम नाही

आपल्याकडं सगळीकडं पिल्लू ४५ दिवसांचं झालं की देतात, काही तर तीस-पस्तिसाव्या दिवशीच. कायदा वेगळं सांगतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ५६ दिवस.

या मधल्या दिवसांत फार काही घडतं. किती जोरात चावल्यावर दुसऱ्याला लागतं हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जास्त आगाऊपणा केला की आई दामटते, ते शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढं हाताला फार चावतात, एकटं सोडलं की रडून घर डोक्यावर घेतात, अशा तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिला प्रश्न वयाचाच विचारते.

वय खोटं सांगितलंय का हे दातांवरून कळतं. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठव्या आठवड्याच्या आसपास सगळे, म्हणजे २८, आलेले असतात. पुढचे दात नुकते टोचू लागलेलं पिल्लू दोन महिन्यांचं असूच शकत नाही.

लसीचंही नीट समजून घ्या. "सगळे डोस झालेत" हे वाक्य दोन महिन्यांच्या पिल्लाबाबत खरं असणं शक्य नाही. पार्वो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, शेवटचा १६ आठवड्यांच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला काम करू देत नाही, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं पेनानं "लस दिली" लिहिलेलं कार्ड धरू नका. काही जण मेडिकलमधून लस आणून स्वतःच टोचतात, ती सतत थंडीत ठेवली होती की दुपारभर गाडीच्या डिकीत होती, कोण सांगणार? जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिलेलं असावं. त्याच्याही तारखा मागा.

कागद

"पेपरवालं पिल्लू" म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं प्रमाणपत्र असलेलं. हा क्लब चेन्नईचा. आई-वडील दोघंही नोंदणीकृत असतील आणि ब्रीडरनं वेताची नोंद केली असेल तर पिल्लाला वंशावळीसह प्रमाणपत्र मिळतं. ते हातात घेऊन आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे रकाने वाचा. एकच नाव दोन्ही बाजूंनी जवळच्या पिढीत पुन्हा पुन्हा येत असेल तर नात्यात मेटिंग झालंय. का केलं, ते विचारा. मायक्रोचिपचा क्रमांक कागदावर असतो. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली. डॉक्टरांच्या स्कॅनरवर तोच १५ आकडी क्रमांक उमटतो का ते तपासा. कुत्रं तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज ब्रीडरच्या सहीनिशी त्याच दिवशी घ्या. "पेपर नंतर कुरिअर करतो" यात लोकांची वर्षं गेलीत.

पण केसीआयचा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. उत्तम कागदाचं कुत्रं लंगडं निघू शकतं. आणि "पेपरसह इतके, पेपरविना इतके" असे दोन भाव सांगणारा भेटला तर शंका घ्या. त्याच वेतातल्या एका पिल्लाला कागद आणि दुसऱ्याला नाही, हे कसं?

दुसरा कागद सरकारी. याच २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायला हवी आणि ते प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावायला हवं. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यावर वेत घ्यायचं नाही आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, हेही त्यातच आहे. आपल्या जिल्ह्यांत घरगुती पातळीवर कुत्री राखणाऱ्या कित्येकांना हे नियम ठाऊकच नसतात. कागद नाही म्हणून प्रत्येक जण वाईट, असं मी म्हणणार नाही. नियम समजावून सांगितल्यावर जो "अर्ज कुठं करायचा?" विचारतो त्याच्याशी बोलणं पुढं न्यावं. जो "असले नियम कोण पाळतं" म्हणतो, त्याची मादी दर माजाला भरवली जात असणार.

कारवान आणि पश्मी घेणार असाल तर

हा भाग मुद्दाम लांबवतेय, कारण ही आपल्या मातीतली कुत्री आहेत. कारवान म्हणजे सडपातळ, लांब पायांचं देशी शिकारी कुत्रं, आणि पश्मी म्हणजे त्यातलंच लांब केसांचं. लातूर जिल्ह्यातलं, चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं गाव. मोकळ्या रानात, गुरांमागं, राखणीला ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीत. कर्नाटकात यांचा गोतावळा मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. केसीआय त्याची नोंद कारवान हाउंड या नावानं करतं. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये त्याचं नाव घेतलं. अशी प्रसिद्धी झाली की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की कुठलंही लांब पायांचं कुत्रं कारवान म्हणून विकलं जातं. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडचं रक्त मिसळलेलीही पुष्कळ आहेत.

गावातल्या घरांकडं केसीआयचे कागद नसतात, पण वंश तोंडपाठ असतो. "हिची आई अमक्याच्या वस्तीवरची, बाप तमक्याचा" हे विचारा आणि जमलं तर त्या वस्तीवर जाऊन या. अंतर फार नसतं. दोन घरांच्या सांगण्यात मेळ बसला तर तो कागदाइतकाच वजनदार पुरावा आहे. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथंही या जातीचं काम चालतं.

या कुत्र्यांच्या शेवटच्या बरगड्या दिसतात, ती उपासमार समजू नका. मांडीचा आणि पाठीचा स्नायू हातानं चाचपा, तो भरीव लागला पाहिजे. परक्यानं अंगाला हात लावलेला त्यांना आवडत नाही, त्यामुळं मादी तुमच्यापासून लांब उभी राहिली तर तो स्वभाव आहे. मालकापासून लांब राहत असेल तर मात्र वर सांगितलं तेच लागू. इतक्या कमी चरबीच्या अंगाला भुलीची काही औषधं जड जातात, म्हणून ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

एक गोष्ट अगदी स्पष्ट. "आमच्या मादीनं इतके ससे धरलेत, व्हिडिओ बघा" असं सांगून पिल्लं विकणाऱ्याकडून घेऊ नका. ससा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पळण्याची हौस पुरवायला मोकळं, कुंपण घातलेलं रान पुरतं. ते नसेल आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहत असाल तर कारवानचा विचार सोडा. कितीही आवडला तरी.

पैसे आणि लेखी बोलणं

भाव करायला हरकत नाही, पण बाजारात जो भाव चाललाय त्याच्या निम्म्यात कुणी देत असेल तर त्यानं कुठं काटकसर केली ते शोधा: खाण्यात, लसीत की वयात. आगाऊ रक्कम भेटीनंतरच, थोडीच, आणि पावती घेऊन. फक्त फोटोवर टोकन कधीच नाही.

साध्या कागदावर दोघांच्या सहीनं एवढं लिहून घ्या: पिल्लाची जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, चिप क्रमांक, झालेल्या लसी, दिलेली रक्कम. घेतल्यापासून तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांनी तपासून दोष काढला तर काय करायचं. आनुवंशिक आजार निघाला तर काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधीही, कुठल्याही कारणानं तुम्हाला कुत्रं सांभाळता आलं नाही तर ब्रीडर ते परत घेईल. ही शेवटची अट चांगला ब्रीडर स्वतःहूनच घालतो. "विकायचं नाही, सोडायचं नाही, मला फोन करायचा," असं तो दरडावून सांगेल. ते ऐकून घ्या.

घरी आणताना

स्वतः जाऊन आणा. खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेलं पिल्लू सकाळी निपचित पडलेलं मी पाहिलंय. उन्हाळ्यात आणायचं तर पहाटे निघा, मांडीवर घ्या, वाटेत दर तासाला थांबून पाणी पाजा. ढाब्यावर, बसस्टँडवर जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि डोस पूर्ण झालेले नसतात.

ब्रीडरकडून आठवडाभराचं तेच खाणं मागून घ्या आणि हळूहळू बदला. आईच्या अंथरुणातलं एक फडकं मागा, पहिल्या रात्री ते जवळ ठेवलं की पिल्लू कमी रडतं. घरी जाण्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोन आठवडे वेगळं ठेवा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उलटी, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. आणि त्याच वेळी ब्रीडरला फोन करा, कारण बाकीची भावंडं ज्या घरी गेलीत त्यांना त्यानं लगेच कळवायला हवं.

महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशी त्याच आठवड्यात करा. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.